पहारेकऱ्यावर कोणाची नजर? : आपल्या वर्गाच्या संगणकाचा धडा



मागच्या दिवाळी अंकाला उशीर झाला हे तुम्हाला आठवत असेलच. वर्ग सुटताना हातात पडायचा अंक पुढच्या शनिवारी मिळाला, आणि तोवर फराळाचे डबे रिकामे झाले होते. उशीर का झाला, असे पुष्कळांनी विचारले. त्या वेळी आम्ही "संगणक बिघडला होता" एवढे सांगून वेळ मारून नेली. खरे कारण निराळे होते. संगणक मुळीच बिघडला नव्हता. आम्हीच त्याच्या मागे एक पहारेकरी लावला होता आणि त्याला विसरून गेलो होतो.

चूक आम्हा शिक्षक मंडळींची होती. पण तिच्यातून थोरल्या गटाबरोबर आम्हीही पुष्कळ शिकलो, म्हणून तो धडा येथे सर्वांसाठी लिहीत आहोत. लहान गटातल्या मुलांनी तो आई-बाबांजवळ बसून वाचावा. कठीण शब्दांचे अर्थ शेवटी दिले आहेत, आणि नेहमीप्रमाणे स्वाध्यायही आहे.

काय घडले?

आपल्या वर्गाच्या कपाटात एक जुना संगणक आहे. एका पालकांनी तो दिला. त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चालते. मुले त्यावर गोष्टी टंकतात, पत्रे लिहितात, आणि महिन्यातून एकदा आम्ही त्यावरच या अंकाची पाने जुळवतो. प्रत्येक मुलाचे त्यावर वेगळे खाते आहे.

जून महिन्यात संगणक थोडा मंद वाटू लागला. कोणते काम त्याला अडवते ते कळावे म्हणून आम्ही एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि त्याचे नाव ठेवले 'पहारा'. दर सेकंदाला त्याने चालू असलेल्या सगळ्या कामांची यादी घ्यायची, ती एका फाइलमध्ये लिहायची, आणि मग ती सगळी फाइल पहिल्यापासून वाचून कोणते काम जास्त वेळ खाते त्याचा हिशेब करायचा. पहिल्या दिवशी हे छान चालले. पुढे सुट्टी लागली आणि 'पहारा' बंद करायचे राहून गेले.

आता हिशेब करा. आपला वर्ग ३ तासांचा, म्हणजे १०,८०० सेकंदांचा. यादीत साधारण १५० कामे असतात. तेव्हा एका शनिवारी १०,८०० गुणिले १५०, म्हणजे १६,२०,००० ओळी त्या फाइलमध्ये जमू शकतात. ही सगळी फाइल दर फेरीला पुन्हा पहिल्यापासून वाचायची! थोड्याच दिवसांत एक फेरी एका सेकंदात पुरी होईनाशी झाली. एक फेरी संपते न संपते तोच दुसरी सुरू. पहारेकऱ्याला क्षणाची विश्रांती नाही, आणि इतरांना संगणक मोकळा मिळत नाही.

दिवाळी अंकाच्या दिवशी पाने जुळवण्याचे काम सुरू केले ते वर्ग सुटेपर्यंत संपले नाही. आम्ही घड्याळाकडे पाहत होतो. इतक्यात थोरल्या गटातल्या एका मुलीने चालू कामांची यादी पडद्यावर आणली आणि विचारले, "काका, सगळ्यात वर हा 'पहारा' कोण आहे? अंकाचे काम तर खाली आहे."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. चोर शोधायला ठेवलेला पहारेकरीच कोठार रिकामे करत होता.

पण त्या दिवशी याहून मोठी एक चूक झाली. 'पहारा'ने काय लिहिले आहे ते पाहू, म्हणून आम्ही ती फाइल मोठ्या पडद्यावर उघडली. तिच्यात प्रत्येक कामाच्या नावापुढे ते काम कोणती फाइल वापरत होते त्याचे नावही होते. एका मुलाने पुण्याच्या आजीला पत्र लिहिले होते, आणि आपल्याला शाळेत मित्र नाहीत असे त्याने त्या फाइलच्या नावातच लिहिले होते. कोणीतरी ते मोठ्याने वाचले. पत्र कोणी उघडलेही नव्हते. नावच पुरेसे होते. तो मुलगा काही बोलला नाही, आणि पुढच्या शनिवारी वर्गाला आला नाही.

आम्ही त्याच्या घरी जाऊन त्याची क्षमा मागितली. आता तो पुन्हा येतो, आणि हे लिहायला त्याने व त्याच्या आई-बाबांनी परवानगी दिली आहे. दुसऱ्याच्या कामावर नजर ठेवण्याला दोन बाजू असतात. ती नजर किती काम वाढवते ही एक, आणि तिला किती दिसावे ही दुसरी. या दोन्हींचा विचार आम्ही आधी केला नव्हता. आजचा धडा त्याविषयीच आहे.

१. पाककृती आणि स्वयंपाक

'रुचिरा'सारख्या पुस्तकात पुरणपोळीची कृती छापलेली असते. ती कृती म्हणजे प्रोग्राम. आई ओट्यापाशी उभी राहून प्रत्यक्ष पोळ्या करू लागते, तेव्हा ती झाली प्रक्रिया. कृती एकच असली तरी एकाच वेळी दहा घरांत दहा स्वयंपाक चालू असू शकतात. तसेच एकाच प्रोग्रामच्या अनेक प्रक्रिया एकाच संगणकात चालू शकतात. ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक प्रक्रियेला एक क्रमांक देते, जसा वर्गात हजेरीचा क्रमांक असतो.

संगणकात प्रक्रिया शेकड्यांनी असतात, आणि त्यांना चालवणारे प्रोसेसर मात्र थोडेच. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, प्रत्येकीला पाळीपाळीने क्षणभर प्रोसेसर देतो. पाळ्या इतक्या भराभर बदलतात की आपल्याला सगळी कामे एकदमच चालल्यासारखी वाटतात. 'पहारा'सुद्धा त्याच रांगेतली एक प्रक्रिया होता. तो रांगेबाहेर उभा राहून पाहत नव्हता. त्यालाही पाळी द्यावी लागत होती, आणि त्याची पाळी म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी वाट पाहण्याची वेळ.

२. मग पाहायचे तरी कशाला?

कोणी म्हणेल, एवढा त्रास असेल तर पाहूच नये. पण न पाहता चालत नाही. याचे एक उदाहरण आपल्या पुण्याचे आहे.

१९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. डॉ. विजय भटकर तिचे पहिले संचालक. ते मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. या संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. तो एका प्रचंड प्रोसेसरचा नव्हता. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे अनेक छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडलेले होते, आणि एकच मोठे काम ते आपसांत वाटून घेत. गंमत म्हणजे हे ट्रान्सप्युटर इन्मॉस या कंपनीचे होते, आणि इन्मॉस होती इथल्या ब्रिस्टलची! म्हणजे ब्रिस्टलच्या चिपा पुण्यात एका पंक्तीला बसल्या आणि महासंगणक झाला.

अशा वाटून केलेल्या कामात एक अडचण असते. लेझीम पथकात साठ जण बरोबर आणि एक जण मागे पडला, तर त्या एकासाठी सगळे थांबतात. तसेच काम अनेक प्रोसेसरांत वाटले, तर ते सगळ्यात हळू वाटा संपल्याशिवाय पुरे होत नाही. बाकीचे नुसते वाट पाहत राहतात. कोण मागे पडले आणि का पडले हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी मोजावेच लागते. आज आपल्या फोनमध्येसुद्धा अनेक प्रोसेसर असतात, त्यामुळे हा प्रश्न घरोघरी आला आहे.

३. मोजण्याचे दोन मार्ग

चालू प्रक्रियेचे काम मोजण्याचे मुख्य मार्ग दोन.

पहिला मार्ग मोजणीचा. आजी जप करताना दर नामाला माळेचा एक मणी पुढे सारते. जप थांबवून "किती झाले?" असे तिला विचारावे लागत नाही. शेवटी माळेकडे पाहिले की झाले. प्रोसेसरमध्येही अशा माळा असतात. त्यांना काउंटर म्हणतात. किती सूचना पार पडल्या, हवी ती माहिती जवळ न सापडल्याने किती वेळा लांबच्या स्मृतीकडे जावे लागले, अशा गोष्टी हे काउंटर काम चालू असताना आपोआप मोजतात.

१९९३ मध्ये इंटेलची पेंटियम चिप आली, तिच्यात असे दोन काउंटर होते. पण ते कसे वापरायचे याची माहिती कंपनीने सर्वांसाठी खुली केली नव्हती. टेर्ये माथिसन या नॉर्वेजियन प्रोग्रामरने ती शोधून काढली आणि १९९४ मध्ये 'बाइट' मासिकात प्रसिद्ध केली. जी माळ चिपमध्येच होती, ती सगळ्यांच्या हाती यायला एक वर्ष लागले.

माळा मात्र मोजक्याच असतात. दोन माळा आणि पाच जप असतील तर काय करावे? थोडा वेळ हे जप, थोडा वेळ ते जप मोजायचे, आणि शेवटी त्रैराशिकाने पूर्ण आकड्याचा अंदाज काढायचा. लिनक्स असेच करते. म्हणून एकदम खूप गोष्टी मोजायला सांगितल्या तर हाती येतो तो अंदाज असतो, नक्की आकडा नाही. थोडे मागावे, म्हणजे खरे मिळते.

दुसरा मार्ग नमुन्याचा. वर्गात बाई वह्या तपासत असतात आणि मधूनमधून मान वर करून पाहतात. दहापैकी सात वेळा एक मुलगा खिडकीबाहेर बघताना दिसला, तर त्याचा बराच वेळ तिकडे जातो हे बाईंना कळते. प्रत्येक क्षण पाहण्याची गरज पडत नाही. संगणकातही ठरावीक काळाने "या क्षणी प्रक्रिया कोणत्या ओळीवर आहे?" एवढेच टिपायचे. हजार नमुन्यांपैकी सहाशे एकाच जागी पडले, तर वेळ तिथे जातो आहे असे समजावे.

लिनक्समध्ये हे दोन्ही मार्ग एकत्र देणारी सोय कर्नेलच्या २.६.३१ या आवृत्तीत, २००९ साली आली. तिच्याबरोबरच्या साधनाचे नाव 'पर्फ'. 'पर्फ स्टॅट' माळ मोजते आणि 'पर्फ रेकॉर्ड' नमुने घेते.

४. पाहण्याची किंमत

आई पोळ्या करते आहे आणि तुम्ही दर मिनिटाला स्वयंपाकघरात जाऊन विचारता, "किती झाल्या?" प्रत्येक वेळी तिला लाटणे खाली ठेवून पोळ्या मोजाव्या लागतात. अर्ध्या तासात तुम्ही तीस वेळा विचारले, तर पोळ्या कमी होतील आणि तव्यावरची एखादी करपेलही. मग तुम्ही म्हणाल, "आई फार हळू करते." पण हळू कोणामुळे झाले?

मोजणीची माळ स्वस्त पडते. नमुने त्याहून महाग, कारण दर नमुन्याला चालते काम क्षणभर अडवावे लागते. जितके नमुने दाट, तितका खोळंबा जास्त. आणि आमच्या 'पहारा'सारखे दर सेकंदाला सगळ्यांची यादी घेऊन मागचे सगळे पुन्हा वाचत बसणे सर्वांत महाग.

हा धोका कर्नेल लिहिणाऱ्यांनाही माहीत होता. म्हणून २०१३ पासून कर्नेलमध्ये एक मर्यादा आहे. नमुने घेण्यातच प्रोसेसरचा २५ टक्क्यांहून अधिक वेळ जाऊ लागला, तर कर्नेल स्वतःच नमुन्यांचा वेग उतरवतो. म्हणजे तेथे पहारेकऱ्यावरही नजर आहे. आमचा 'पहारा' मात्र पर्फ वापरत नव्हता, तो घरचाच बनवलेला होता. त्यामुळे त्याला ही वेसण लागू नव्हती.

५. हवे तेव्हाच सुरू, नको तेव्हा बंद

यावर उपाय काय? पाहायचे, पण हव्या तेवढ्याच वेळापुरते. खो-खोच्या सामन्यात पंच शिट्टी वाजल्यावरच घड्याळ सुरू करतात. खेळाडू बुटाच्या नाड्या बांधत असतात तो वेळ धरत नाहीत. तसेच येथे करता येते. त्याच्या तीन सोयी लक्षात ठेवा.

पहिली सोय चालू प्रक्रियेसाठी. 'पर्फ स्टॅट'ला प्रक्रियेचा क्रमांक दिला की ते त्या चालत्या प्रक्रियेला काउंटर लावते. कंट्रोल आणि सी ही अक्षरे दाबली की मोजणी थांबते आणि आकडे समोर येतात. मूळ प्रक्रिया मात्र थांबत नाही, ती आपली चालतच राहते. बाहेरून आलेल्या पाहुण्याने दार लोटून निघून जावे, तसे हे आहे.

दुसरी सोय सुरुवातीच्या तयारीसाठी. पुष्कळ प्रोग्राम सुरू होताना सामान मांडण्यात वेळ घालवतात. तो वेळ धरायचा नसेल, तर अमुक मिलिसेकंदांनंतर मोजायला लाग, असे 'पर्फ स्टॅट'ला सांगता येते.

तिसरी सोय सर्वांत चांगली, कारण ती प्रक्रियेच्या स्वतःच्या हातात असते. प्रोग्रामने स्वतःच स्वतःवर काउंटर लावले असतील, तर 'पीआरसीटीएल' या हाकेने तो कर्नेलला सांगू शकतो की माझी मोजणी आता बंद कर, आणि पुन्हा त्याच हाकेने, की आता सुरू कर. ही सोयही २००९ पासूनच आहे. बंद केल्याने माळ तुटत नाही. मणी होते तिथेच राहतात, आणि सुरू केल्यावर पुढे मोजले जातात. त्यामुळे प्रोग्राम लिहिणाऱ्याला नेमके जे तपासायचे तेवढ्याच भागाभोवती 'सुरू' आणि 'बंद' लिहिता येते.

येथे एक गैरसमज होऊ शकतो, तो दूर करू. मोजणी बंद केली म्हणजे प्रक्रिया लपली असे नव्हे. चालू कामांच्या यादीत ती दिसतच राहते. 'सुरू-बंद' हे मोजमापाचे बटण आहे, ते दाराचे कुलूप नव्हे. कुलूप निराळे असते, त्याविषयी आता पाहू.

६. कोणी किती पाहावे?

शेजाऱ्यांच्या घराचा विजेचा मीटर बाहेरच्या भिंतीवर आहे असे समजा. तुम्ही घरात पाऊलही टाकत नाही. तरी मीटर किती फिरला ते रोज टिपले, तर शेजारी केव्हा उठतात, केव्हा बाहेर जातात, गावाला कधी गेले, हे सारे तुम्हाला कळेल. नुसत्या आकड्यांतूनही माणूस दिसतो.

संगणकातही तसेच आहे. २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर नावाच्या दोन खोट जगजाहीर झाल्या. एखाद्या कामाला लागलेला वेळ बारकाईने मोजून दुसऱ्याची गुप्त माहिती ओळखता येते, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणून मोजमापालाही कुलूप लागते.

लिनक्समध्ये त्यासाठी एक आकडा ठेवलेला असतो. त्याचे नाव 'पर्फ इव्हेंट पॅरानॉइड'. पॅरानॉइड म्हणजे अति संशयी. आकडा जितका मोठा, तितका संशय जास्त आणि मोकळीक कमी. २०१६ पासून कर्नेलमध्ये हा आकडा मुळातच २ असतो. तेव्हा साध्या वापरणाऱ्याला आपल्या प्रक्रियांचे स्वतःचे काम मोजता येते, पण कर्नेलच्या आत काय चालते ते मोजता येत नाही. दुसऱ्याच्या खात्यातल्या प्रक्रियेला काउंटर लावायचा तर त्याहून वेगळी परवानगी लागते.

पूर्वी अशा परवानगीसाठी पुष्कळदा संगणकाच्या सगळ्याच किल्ल्या द्याव्या लागत. २०२० मध्ये कर्नेलच्या ५.८ या आवृत्तीत 'कॅप पर्फमॉन' नावाची एक वेगळी किल्ली आली. ती ज्याच्याकडे आहे त्याला मोजमाप करता येते, पण बाकीची कपाटे उघडत नाहीत. मीटर पाहायला आलेल्या माणसाला तिजोरीची किल्ली कशाला द्यायची, असा साधा विचार त्यामागे आहे.

आणि आजीच्या पत्राचे काय? लिनक्समध्ये चालू कामांची यादी एरवी सर्व खात्यांना दिसते, कामाच्या पुढची फाइलची नावेसुद्धा. ती दुसऱ्यांपासून झाकण्याची 'हाइडपिड' नावाची सोय २०१२ पासून आहे. आम्ही ती वापरली नव्हती. शिवाय आम्ही नावे नुसती पाहिली असे नाही, ती महिनोन्‌महिने लिहूनही ठेवली. आम्हाला हवा होता कामाला लागलेला वेळ. फाइलचे नाव आम्हाला कशालाच लागत नव्हते.

ज्या गावात आपला वर्ग भरतो, त्या स्टॅनमोरमध्येच याचे एक जुने उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कचे एक उपकेंद्र येथे होते, आणि दुसरे जवळच ईस्टकोटला. शत्रूच्या एनिग्मा यंत्राची सांकेतिक भाषा उलगडायला मदत करणारी मोठी यंत्रे तेथे रात्रंदिवस चालत. त्या यंत्रांना 'बॉम्ब' म्हणत, पण स्फोटाशी त्यांचा काही संबंध नव्हता. अॅलन ट्युरिंग आणि गॉर्डन वेल्चमन यांनी त्यांची रचना केली होती. एकेका यंत्रावर १०८ फिरत्या चकत्या असत. ती चालवायच्या नौदलाच्या महिला दलातल्या तरुण मुली, ज्यांना 'रेन' म्हणत. यंत्र थांबले की चकत्या कुठे थांबल्या ते टिपायचे, पुढे कळवायचे आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे. ज्या संदेशासाठी हे सारे चालले होते, तो त्यांना दाखवला जात नसे. त्यांच्या कामाला त्याची गरज नव्हती. युद्ध संपल्यावरही कित्येक वर्षे त्यांनी ही गोष्ट घरच्यांनासुद्धा सांगितली नाही. १९७४ मध्ये एका पुस्तकामुळे ब्लेचली पार्कचे गुपित लोकांपुढे आले.

त्या मुलींची नजर यंत्रावर होती, आणि कामापुरतीच होती. आमच्या 'पहारा'ला हे शिकवायला हवे होते.

७. मग आम्ही काय केले?

प्रथम 'पहारा' बंद केला आणि त्याची फाइल पुसून टाकली. कोणी म्हणाले, ठेवू या, पुढेमागे उपयोग होईल. पण ज्यांची नावे तिच्यात होती त्यांना विचारल्याशिवाय ती ठेवणे बरे नव्हते.

नंतर पाने जुळवण्याचे काम पुन्हा चालवून पाहिले. आता ते पुरे झाले, तरी २० मिनिटे लागली. थोरल्या गटाने मग फक्त त्या एका प्रक्रियेचे, आणि फक्त पाने जुळत असताना, एक हजार नमुने घेतले. त्यांतले ६४० नमुने एकाच जागी पडले: चित्रे लहान करण्याच्या कामावर. मुलांच्या चित्रांचे मोठे मोठे फोटो आम्ही जसेच्या तसे घातले होते, आणि प्रोग्राम पान बदलले की तेच फोटो पुन्हा पुन्हा लहान करत होता. मुलांनी सगळे फोटो एकदाच लहान करून ठेवले. २० मिनिटांचे काम ८ मिनिटांवर आले. मोजणी तेथेच बंद केली, आणि हे वहीत लिहून ठेवले.

शेवटी मुलांबरोबर बसून आम्ही चार नियम ठरवले. ते आता कपाटाच्या दारावर लावले आहेत.

पहिला: काय शोधायचे ते आधी लिहायचे, मगच मोजायला लागायचे.
दुसरा: मोजणी सुरू करणाऱ्यानेच ती बंद करायची, आणि बंद करण्याची वेळ आधी सांगायची.
तिसरा: आकडे घ्यायचे, नावे आणि मजकूर घ्यायचा नाही.
चौथा: ज्याचे काम मोजायचे त्याला आधी सांगायचे.

हे नियम ठरवताना एका बाबांनी विचारले, "मुले संगणकावर काय लिहितात ते पालकांना कळायला नको का?" प्रश्न योग्य होता. त्यावर बराच वेळ बोलणे झाले. लहान मुलांच्या बाबतीत आई-बाबांनी लक्ष ठेवायलाच हवे, याबद्दल दुमत नव्हते. पण ते लक्ष मुलाला माहीत असावे, आणि शेजारी बसून ठेवलेले असावे, असे शेवटी सर्वांना पटले. चौथा नियम आम्हा मोठ्यांनाही लागू आहे.

आणि हो, तो मुलगा. आता तोच दर महिन्याला अंकाचे मोजमाप करतो. सुरू करतो, बंद करतो, वहीत वेळ लिहितो. त्याच्याजवळ आता दोन मित्र बसतात. ते मोजणीमुळे झाले नाही. आधी झालेल्या बोलण्यामुळे झाले.

शब्दार्थ

प्रक्रिया : प्रत्यक्ष चालू असलेला प्रोग्राम.
कर्नेल : ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, सर्वांना पाळी देणारा.
काउंटर : प्रोसेसरमधली मोजणीची माळ.
नमुना : मधूनमधून टिपलेला एक क्षण.
त्रैराशिक : तीन माहीत आकड्यांवरून चौथा काढण्याची रीत.
खोळंबा : थांबून राहावे लागणे.
वेसण : बैलाच्या नाकातली दोरी, आवर घालण्याचे साधन.
दुमत : मतभेद.

स्वाध्याय

अ. (लहान गट) प्रोग्राम आणि प्रक्रिया यांतला फरक तुमच्या घरच्या एखाद्या पदार्थाचे उदाहरण देऊन दोन वाक्यांत लिहा.

आ. (मधला गट) एका कामाला २० मिनिटे लागतात. १,००० नमुन्यांपैकी ६४० एकाच जागी पडले. तर त्या जागी अंदाजे किती मिनिटे गेली? ते काम अजिबात करावे लागले नसते तर किती मिनिटे उरली असती? प्रत्यक्षात ८ मिनिटे लागली. वरची पाऊण मिनिटाहून थोडी अधिक वेळ कशात गेली असेल?

इ. (थोरला गट) 'पहारा'ने दर सेकंदाऐवजी दर मिनिटाला यादी घेतली असती, तर एका शनिवारी किती ओळी जमल्या असत्या? आणि मागची सगळी फाइल पुन्हा न वाचता हिशेब कसा ठेवता आला असता?

ई. (सर्वांसाठी, आई-बाबांसह) तुमच्या घरात कोण कोणावर नजर ठेवते? ती नजर कशासाठी आहे, केव्हा बंद होते, आणि ज्याच्यावर आहे त्याला ती माहीत आहे का? जेवताना बोला. हे उत्तर लिहून आणायचे नाही.